छाटणीची कात्री आणि औरंगाबादच्या बागा

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजेच पुढचे औरंगाबाद, वसवली आणि पुढे नहरीने डोंगरातले पाणी गावात आणले. बागा फुलल्या त्या या पाण्यावर. 1660-61 मधल्या बिबी का मकबऱ्याभोवती चारबाग आखली गेली. मुघल बागेचा भर पाणी, सावली, फळे आणि सुगंधावर होता. सरू सरळ उंच वाढू देत. काटकोनात कापलेले कुंपण ही प्रामुख्याने इंग्रजी आवड. छावण्यांमधल्या बंगल्यांतून ती देशभर पसरली, आणि औरंगाबादेतही छावणी होतीच. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तग धरणारी मेंदी या कामी सोयीची ठरली.

वरवर कातरलेली मेंदी काही वर्षांत बाहेरून हिरवी, आत मात्र नुसत्या काटक्या अशी होते. फांद्या बाजूला केल्या की पोकळी दिसते. अशी मेंदी पावसाच्या तोंडावर गुडघ्याएवढी कापली, तर जुन्या लाकडातूनही फुटते. भर उन्हाळ्यात हे केले, तर झुडूप गमावण्याचा धोका असतो. कडेची कापणी करताना खालचा भाग रुंद ठेवतात, म्हणजे ऊन बुडापर्यंत पोचते. जुन्या लाकडापर्यंत कापण्याचा न्याय मोरपंखीला मात्र लागू नाही: हिरवा भाग संपतो तिथून खाली कापले, तर ती सहसा फुटत नाही.