ज्यू मुलांची पहिली शाळा घरच

ज्यू धर्मात मुलांना धर्माचरण शिकविण्याची जबाबदारी प्रथम आई-वडिलांची मानली जाते. मूल बोलू लागताच त्याला 'शेमा' ही एकेश्वराची प्रार्थना शिकवितात; मुलांना शिकवा, ही आज्ञाही तिच्यातच आहे. नियमपालनाचे दायित्व मात्र मुलावर तेराव्या, तर मुलीवर बाराव्या वर्षी येते.

पेसाह अर्थात वल्हांडण सणाची रात्र तर जणू मुलांसाठीच योजलेली आहे. आजच्या रात्रीचे वेगळेपण काय, असे चार प्रश्न घरातील सर्वांत धाकटे मूल विचारते आणि उत्तरादाखल इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची कथा सांगितली जाते. कथा लांबते, मुले पेंगतात. म्हणून अनेक घरांत बेखमीर भाकरीचा तुकडा लपवून तो शोधायला लावतात.

घराच्या या शाळेचे बळ कोकणात दिसले. बेने इस्रायल समाजाजवळ दीर्घकाळ हिब्रू ग्रंथ नव्हते, तरी शेमा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शब्बाथ टिकले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. १८७४ मध्ये पुण्यात पेसाहचे 'हग्गादा' हे सचित्र पुस्तक मराठी भाषांतरासह छापले गेले. पाठोपाठ १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा निघाली. तिला पुढे सर एली कदुरी यांचे नाव मिळाले. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. माझगावच्या या शाळेत आता बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. मागे राहिलेल्या मोजक्या घरांत शेमा पुन्हा आई-वडीलच शिकवितात.