शिरोलीच्या कारखान्यांचे दप्तर

पंचगंगा ओलांडून पुणे-बंगळूर महामार्गाने उत्तरेस निघालेल्या प्रवाशास कोल्हापूरची हद्द सुटते न सुटते तोच पुलाची शिरोली लागते, आणि गावालगतच हातकणंगले तालुक्यातील ती औद्योगिक वसाहत, जिच्या फौंड्र्यांनी कोल्हापूरच्या ओतकामाचे नाव दूरवर नेले. या वसाहतीविषयी लिहिताना भट्टी, साचा आणि ऑइल इंजिन यांचे गुणगान व्हावे हे उचितच. परंतु त्याच कारखान्यांत अकाउंट्सच्या मागील अरुंद खोलीत अहोरात्र घरघरणाऱ्या सर्व्हरची हकीकत सहसा कोणी सांगत नाही, कारण ती खोली पाहुण्यांस दाखविण्याची वहिवाटच नाही.

वास्तविक दप्तर सांभाळण्याची विद्या कोल्हापुरास नवी नव्हे. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्यापूर्वीच्या कारभाराचे मोडी कागद आजही येथील पुरालेखागारात आहेत. आणि ते टिकले याचे श्रेय कागदाच्या चिवटपणाइतकेच, कोणता रुमाल कोणाच्या ताब्यात याचा जाब देणारा इसम मुक्रर करणाऱ्या व्यवस्थेसही द्यावे लागते. पुढे शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांचा धंदा भरभराटला, 1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि शहरात न मावणारी कारखानदारी नदीपार शिरोलीत विस्तारली, तेव्हा तिच्याबरोबर दप्तरही गेले: कीर्द-खतावणी मुनिमाच्या कपाटात, आवक-जावक बारनिशी कारकुनाच्या मेजावर, आणि गिऱ्हाइकांची ड्रॉइंगे पॅटर्न शॉपच्या खणात. कोणत्या कुलपाची किल्ली कोणाकडे, हे गेटवरचा वॉचमनसुद्धा सांगू शके.

सर्व्हर आला तो हौसेने नव्हे, गिऱ्हाइकाच्या तगाद्याने. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट खुले केले ते प्रथम महानगरांतच; परंतु वाहनउद्योगातील बडी गिऱ्हाइके ड्रॉइंग, शेड्यूल आणि रिजेक्शनचा अहवाल ई-मेलने धाडू लागली, तेव्हा सुटे भाग पुरविणाऱ्या आडगावच्या कारखान्यासही ते नाकारण्याची सोय उरली नाही. प्रारंभी मोडेमवरून फोन लावून मेल उतरवून घेतली की भागत असे. जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलने डेटावन ब्रॉडबँड सुरू केले, आणि त्याच सुमारास लहान धंद्यांसाठी मायक्रोसॉफ्टचा स्मॉल बिझनेस सर्व्हर 2003 बाजारात रुळला होता. 75 जणांपर्यंतच्या कचेरीच्या फायली, मेल, छपाई आणि बाहेरून आत येण्याचा दरवाजा हे सारे त्या एकाच यंत्रात होते. चिटणिशी, फडणिशी आणि किल्लेदारी एकाच इसमाच्या गळ्यात घालावी तसा तो मामला. स्वस्त खरा, पण तो इसम आजारी पडला की सारा कारभार ठप्प.

आणि आजारी पडण्यास कारणे विपुल. साच्याची वाळू म्हणजे सिलिका, बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी. तीत ग्राइंडिंगची लोखंडी धूळ मिसळते, आणि पंख्याच्या वाटेने यंत्रात शिरून पॉवर सप्लायवर काळा थर देते, जो वीजवाहक असल्यामुळे साध्या धुळीहून अधिक घातक ठरतो. त्यातच भारनियमनाची ती वर्षे. यूपीएसची बॅटरी निकामी झाली आहे हे वीज गेल्यावरच कळावयाचे. ज्या मालकाने इंडक्शन फर्नेसवर जाणता माणूस नेमण्यात कधी काटकसर केली नाही, त्यानेच सर्व्हर मात्र अकाउंट्समधील ‘कॉम्प्युटर येणाऱ्या’ पोराच्या हवाली करावा आणि अडले तर शहरातील हार्डवेअरवाल्यास बोलवावे, हे मला या इतिहासातील सर्वांत नवलाचे प्रकरण वाटते.

त्या काळचा एक बिघाड इतका ठरावीक होता, की तो सविस्तर सांगणे भाग आहे. सकाळी कचेरी उघडते आणि मेल बंद. लाइन चालू, राउटरचे दिवे जागच्या जागी, सर्व्हरही जिवंत. परंतु सी ड्राइव्ह शिगोशीग भरलेला. कारण असे, की मेल सांभाळणारा एक्स्चेंज प्रत्येक व्यवहार आधी 5 एमबीच्या लॉग फायलींत नोंदवून ठेवी आणि मग मुख्य डेटाबेसात वर्ग करी. या लॉग फायली बॅकअप यशस्वी झाल्यावरच पुसल्या जात. कोणी एकदा बॅकअपची तजवीज लावून दिलेली असे, पुढे केव्हा तरी टेप बदलावयाची राहिलेली असे, आणि रोज रात्री फसणाऱ्या बॅकअपची तक्रार कोणीच न वाचलेल्या इव्हेंट लॉगमध्ये साचलेली असे. अशा वेळी घाईघाईने त्या फायली उडविणारा बहाद्दर हमखास निघे, आणि डेटाबेस नीट मिटलेला नसला तर तो त्यानंतर उघडण्याचेच नाकारी. मग ईएसईयूटिल चालवून तासन् तास दुरुस्ती. जाणता माणूस आधी डेटाबेसची अवस्था तपासे, वर्ग झालेल्या फायली दुसऱ्या डिस्कवर हलवी, आणि मेल सुरू होताच प्रथम पूर्ण बॅकअप घेई. तात्पर्य, बिघाड मेलचा भासे, अपराध बॅकअपचा असे, आणि जबाबदार इसम मुक्रर नसल्यामुळे शिक्षा कोणासच होत नसे.

विंडोज सर्व्हर 2003 ची देखभाल मायक्रोसॉफ्टने 14 जुलै 2015 रोजी थांबविली. तरीही अशी यंत्रे चालू ठेवणारे देशभर पुष्कळ होते. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीखोर प्रोग्रॅमने, जगभरातील संगणकांच्या फायलींस टाळे ठोकले, तेव्हा त्यावरील उपाय चालू प्रणालींसाठी मार्चमध्येच प्रसिद्ध झालेला होता. जुन्यांसाठी तो घटना घडल्यावर निघाला. याच वर्षी 1 जुलैस जीएसटी आला आणि 1 एप्रिल 2018 पासून आंतरराज्य मालवाहतुकीस ई-वे बिल आवश्यक झाले. तेव्हापासून कास्टिंगने भरलेला ट्रक गेटवर उभा राही तो संगणकातील कागदासाठी, आणि मालकास त्या अरुंद खोलीची वाट प्रथमच नीट ठाऊक झाली.

नदीने पुढचा धडा दिला. ऑगस्ट 2019 मध्ये, राजाराम बंधाऱ्यावर जिची धोक्याची पातळी 43 फूट, ती पंचगंगा 55 फुटांवर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि अनेक दिवस बंद राहिला. जुलै 2021 मध्ये तोच प्रसंग पुन्हा आला. शहरात राहणाऱ्या माणसास नदीपार जाता येईना, तेव्हा घरून सर्व्हरपर्यंत पोहोचण्याची सोय ही चैन नसून निकड आहे हे पटले. मधल्या काळात, मार्च 2020 च्या टाळेबंदीत, ती सोय जागोजाग घाईने केली गेली: राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा 3389 क्रमांकाचा पोर्ट थेट उघडावयाचा आणि परवलीचा शब्द कंपनीच्याच नावाचा ठेवावयाचा. रॅन्समवेअरवाल्यांना याहून रुंद वेस कोण देणार? व्हीपीएन आणि दुहेरी ओळखपडताळणी यांचा खर्च त्या मानाने क्षुल्लक होता.

आता बहुतेकांची मेल भाड्याच्या क्लाउडवर गेली आहे, परंतु ड्रॉइंगे आणि हिशेब पुष्कळ ठिकाणी अद्याप त्याच खोलीत आहेत. 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने सायबर घटनेची वर्दी 6 तासांत देण्याचे आणि लॉग 180 दिवस जपण्याचे बंधन घातले, त्यामुळे संस्थानी दप्तरदाराचा जाब कायद्याच्या वाटेने परत आला आहे. शिरोलीच्या कारखानदारांस विनंती एवढीच, की मृग लागण्यापूर्वी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवावा, आणि बॅकअपमधून गतवर्षीचे एक ड्रॉइंग आपल्यासमक्ष परत काढून दाखविण्यास सांगावे.