सात माणसांची जुनी गाडी घेताय? इसार देण्याआधी एवढं बघा

उसाचं बिल जमा झालं की घरात विषय निघतोच, आता एक चारचाकी घेऊ. माणसं सहा-सात, आईचे गुडघे दुखतात, मोठा दवाखाना सोलापूरला, त्यात वर्षातून एकदा तुळजापूर-अक्कलकोट आणि उन्हाळ्यात लग्नसराई. नवी घ्यायची तर कर्ज काढावं लागतं, म्हणून सेकंडहँड शोधायची. इथपर्यंत बरोबर आहे. पण बहुतेक जण सगळे पैसे गाडीतच घालतात, आणि दोन महिन्यांनी टायर-क्लचसाठी उसनवारी करत फिरतात.

हातात साडेतीन लाख असतील तर गाडी तीन लाखांच्या आतली बघा. उरलेले पन्नास हजार गाडी घरी आल्यावर लागणारच आहेत. चार टायर, बॅटरी, ऑइल-फिल्टर, सस्पेन्शनचे बुश, विमा, नावावर करण्याचा खर्च. विकणारा "एक रुपयाचं काम नाही" म्हणतो, पण टायर गुळगुळीत झाल्यावरच पुष्कळ गाड्या विकायला निघतात.

कोणती गाडी?

तेवढ्याच पैशात ईको त्यातल्या त्यात नवी मिळते, अर्टिगा जुनी, आणि इनोव्हा फारच जुनी. ईको २०१० पासून आहे. इंजिन साधं, १.२ लिटर पेट्रोल, तालुक्याचा कोणताही मिस्त्री खोलू शकतो, आणि सरकत्या दारामुळे म्हाताऱ्या माणसाला चढ-उतार सोपी. मात्र सात सीटच्या बहुतेक ईकोला कंपनीचा एसी नसतो, आणि इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने उन्हाळ्यात बुडाखाली शेकतं. २०१६ च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत बिनएअरबॅगच्या ईकोला शून्य तारे मिळाले होते, हेही माहीत असू द्या. ड्रायव्हरची एअरबॅग देशात १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या कोणत्याही कंपनीच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये ती आहे का, हे विचारूनच घ्या.

अर्टिगा २०१२ ला आली. चालवायला कारसारखी, एसी चांगला, पण मागच्या रांगेत जायचं तर मधली सीट पुढे सरकवून वाकून शिरावं लागतं. तिथे पोरं बसतात, आजी नाही. बोलेरो खराब रस्त्याला आणि मळ्यातल्या वाटेला दणकट, पण पायरी उंच. मागच्या आडव्या बाकावर बसून लांब गेलं की पाठ धरते. टवेरा स्वस्तात दिसते, पण शेव्हरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं. स्पेअर कुठे मिळतो, हे आधी आपल्या मिस्त्रीला विचारा.

म्हणून गाडी बघायला एकट्याने जाऊ नका. शक्य असेल तर अख्खं घर घेऊन जा आणि सगळ्यांना आत बसवा. सात जण बसल्यावर मागे बॅग ठेवायला किती जागा उरते तेही बघा. बहुतेक सात सीटर गाड्यांत दोन पिशव्यांच्या वर काही राहत नाही, आणि लग्नाला निघाल्यावर ते कळून उपयोग नाही.

डिझेल की पेट्रोल, यावर पारावर वाद होतात. हिशेब करून बघा. वर्षाला ५ हजार किलोमीटर, पेट्रोल गाडी १५ चं ॲव्हरेज, डिझेल २० चं, भाव १०४ आणि ९१ धरला तर पेट्रोलला सुमारे ३५ हजार, डिझेलला २३ हजार. फरक १२ हजारांचा. जुन्या डिझेलचा टर्बो किंवा इंजेक्टर गेला की एका बिलात दोन-तीन वर्षांची बचत जाते. रोजचं पळणं असेल तरच डिझेल परवडतं.

बघताना

विकणाऱ्याला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. गरम लागलं तर समजा, थंडीत स्टार्ट होत नाही म्हणून आधीच चालू करून ठेवली. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण उघडल्यावर आत दुधासारखा फेस दिसला तर इंजिनात पाणी शिरत असू शकतं, तिथून परत फिरा.

मीटरवर विश्वास ठेवू नका. मीटर मागे करणारे सगळीकडे आहेत. ६० हजार दाखवत असेल आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून सपाट झालं असेल, स्टेअरिंग गुळगुळीत झालं असेल, तर ती भाड्याने पळालेली गाडी असू शकते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. स्टेपनीचाही आकडा बघा. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी नंबरवरून जुनी नोंद मिळते, ती मालकालाच काढून आणायला लावा.

पुरात बुडालेल्या गाड्या हा आपल्या भागातला खरा धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाड पाण्यात गेलं. बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकता येते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला गाळाचा डाग असतो. सीटच्या पट्ट्यांखाली, डॅशबोर्डच्या खाली गंजलेले स्क्रू बघा. अत्तराचा जास्तच वास येत असेल तरी शंका घ्या.

ट्रायल रिकाम्या गाडीत घेऊ नका. सगळे बसवा, एसी लावा आणि चढावर न्या. तुळजापूरचा घाट जवळ असेल तर उत्तम. इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच संपत आलाय. मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको. पाचशे-हजार रुपये द्यावे लागले तरी चालतील.

कागद

गावाकडे सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. शंभरच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली म्हणजे गाडी नावावर झाली, असं समजू नका. आरटीओच्या नोंदीत नाव बदलल्याशिवाय मालक जुनाच. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विकणाऱ्यालाही यात सुटका नाही: अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. विमाही लगेच नावावर करा, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून पासिंगची तारीख, इंधन, विम्याची मुदत आणि फायनान्स बघून घ्या. सातबाऱ्यावर बोजा असतो तसाच आरसीवर असतो. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन बाकी आहे का तेही तपासा. मालक वारला असेल आणि मुलगा विकत असेल, तर आधी फॉर्म ३१ ने गाडी वारसाच्या नावावर होऊ द्या. गॅस किट बाहेरून बसवलं असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी, सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी झालेली हवी.

पासिंग १५ वर्षांचं असतं. २०१२ ची गाडी स्वस्त दिसते कारण तिची मुदत २०२७ ला संपते. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याची फी, पर्यावरण कर आणि फिटनेस आला. दिल्ली पासिंगची डिझेल गाडी त्याहून स्वस्त दिसते, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. ती इकडे आणली तर तिथली एनओसी लागते, १२ महिन्यांच्या आत महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो, आणि इथला कर वेगळा भरावा लागतो. तो आरटीओत विचारून गाडीच्या किमतीत धरा, मगच भाव करा.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट बसवलेली आहे का, तेही बघा. नसेल तर विकणाऱ्यालाच बसवायला सांगा. आणि इसार दिला तर तो ऑनलाइन किंवा चेकने द्या, कशासाठी दिला ते त्यात लिहा, पावती घ्या.