वेगवान मोटारीचें तेलपाणी



मोटार बाळगणाऱ्या घरांत ‘तेलपाणी’ हा शब्द नित्याचा आहे. गाडी दुरुस्तीला देतांना ‘जरा तेलपाणी पाहून घ्या’ एवढें सांगितलें कीं मालकाला आपलें कर्तव्य झालेंसें वाटतें. या साध्या शब्दामागें मोटारीचा बराच इतिहास आहे. तो आज एका विशिष्ट गाडीच्या अनुरोधानें सांगावयाचा आहे. ती गाडी म्हणजे वेगासाठीं बांधलेली, परंतु दुसऱ्याच्या हातून आपल्याकडे आलेली गाडी. अशी गाडी घेणारा मनुष्य तिचा रंग न्याहाळतो, गाद्यांचें कातडें चाचपून पाहतो आणि ती किती धांवली याचा आंकडा वाचतो. परंतु तिच्या अंगांत इंजिनाचें तेल, ब्रेकांतील द्रव आणि रेडिएटरमधील पाणी असे जे तीन द्रव खेळत असतात, त्यांचें वय तो विचारीत नाहीं. मोटारीच्या बाल्यावस्थेंत हें वय विचारण्याचें कारणच नव्हतें. तें कारण कसें उत्पन्न झालें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

अगदीं पहिल्या मोटारींत इंजिनाचें तेल एकदांच उपयोगी पडे. अनेक गाड्यांत चालकापुढील फळीवर कांचेच्या लहान नळ्या असत. त्यांतून थेंब थेंब तेल इंजिनाच्या सांध्यांत उतरे. कांहीं गाड्यांत तें हातपंपानें मधून मधून ढकलावें लागे. काम झाल्यावर त्यांतील कांहीं तेल जळून धुरावाटे जाई आणि कांहीं रस्त्यावर गळे. ही रीति उधळी होती खरी, पण तिच्यांत एक मोठा गुण होता. इंजिनांत जुनें तेल फारसें सांचून राहत नसे, आणि नवें तेल येत आहे कीं नाहीं, हें चालकाला प्रत्यक्ष डोळ्यांनीं दिसे.

याच काळांत वेगाच्या हौसेला तोंड फुटलें. १९०७ सालीं इंग्लंडांत वेब्रिज गांवाजवळ ब्रुकलंड्स येथें केवळ मोटारींसाठीं बांधलेला शर्यतीचा मार्ग खुला झाला. शर्यतींत इंजिन अतिशय तापे आणि त्या वेळचें खनिज तेल उष्णतेनें पातळ होऊन धातूवरून निसटे. तेव्हां शर्यतवाल्यांचें लक्ष एका जुन्या वनस्पतितेलाकडे वळलें. तें तेल म्हणजे आपलें एरंडेल. ‘ओसाड गांवीं एरंड बळी’ असें म्हणून आपण ज्या झाडाची थट्टा करतों, त्याच्या बियांच्या तेलाचा थर तापलेल्या धातूला घट्ट चिकटून राहतो, असें आढळून आलें. चार्ल्स वेकफील्ड यांनीं १८९९ सालीं स्थापन केलेल्या लंडनच्या कंपनीनें एरंडेल मिसळलेलें तेल विकावयास काढलें. एरंडेलाचें इंग्रजी नांव कॅस्टर ऑइल. त्यावरूनच १९०९ सालीं त्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव मिळालें. पहिल्या महायुद्धांतील ज्या विमानांचें इंजिन सबंध गरगर फिरे, त्यांनाही एरंडेलच लागे, कारण तें पेट्रोलांत सहज विरघळत नाहीं. जगांत आज एरंडीचें सर्वांत मोठें पीक आपल्या देशांत निघतें आणि त्यांत गुजराथ आघाडीवर आहे. लहानपणीं रविवारीं सकाळीं नाक दाबून एरंडेल घेतलेल्या श्रोत्यांना त्याची ही दुसरी कीर्ति ऐकून नवल वाटेल!

परंतु एरंडेलांत एक दोष होता. तें तापून जुनें झालें कीं डिंकासारखें चिकट होई आणि इंजिनाच्या बारीक वाटा बुजवूं लागे. शिवाय खनिज तेलाशीं त्याचें धड जमत नसे. म्हणून शर्यतीचें तेल इंजिनांत फार दिवस राहूं देणें धोक्याचें ठरे. तेल संपलें नाहीं तरी तें जुनें होतें आणि बदलावें लागतें, हा धडा वेगवान गाड्यांच्या मालकांना प्रथम एरंडेलानें दिला.

पुढें इंजिनाची रचना बदलली. तेल खालच्या पेटींत सांठवावें, पंपानें वर चढवावें आणि पुन्हां खालीं येऊं द्यावें, अशी पद्धत सर्वत्र रूढ झाली. १९११ सालीं अमेरिकेंतील मोटार-इंजिनियरांच्या संस्थेनें तेलाच्या दाटपणाला आंकडे लावून दिले. त्या संस्थेचीं ‘एस. ए. ई.’ हीं आद्याक्षरें आजही तेलाच्या डब्यांवर असतात. आतां तेलाची उधळपट्टी थांबली, परंतु तेंच तेल हजारों वेळां फिरूं लागलें. काजळी, धातूचा चुरा, न जळलेलें पेट्रोल, ज्वलनांतून होणारें पाणी आणि आम्ल हें सर्व त्यांत सांचूं लागलें. कांचेची नळीही गेली. चालकाला तेल दिसेनासें झालें.

१९३० नंतरच्या दशकांत आणखी एक फरक पडला. डिझेल इंजिनांच्या कड्या काजळीनें चिकटूं लागल्या, म्हणून तेलांत मळ धुवून तो आपल्यांत धरून ठेवणारीं द्रव्यें मिसळण्यास आरंभ झाला. पुढें तीं पेट्रोल-मोटारींच्या तेलांतही आलीं. अशा तेलाचा रंग लौकर काळा होतो, कारण तें आपलें काम करीत असतें. उलट, दिसावयास स्वच्छ असलेल्या तेलांतील औषधी द्रव्यें संपून गेलेलीं असूं शकतात. म्हणजे नुसता रंग पाहून तेलाची पारख करण्याचा जुना मार्गही बंद झाला.

या गोष्टी एका प्रसिद्ध गाडीच्या उदाहरणानें अधिक स्पष्ट होतील. १९५४ सालीं जर्मनींतील मर्सिडीज-बेन्झ कंपनीनें न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत ‘३०० एसएल’ ही गाडी मांडली. पक्ष्याच्या पंखांप्रमाणें वर उघडणाऱ्या तिच्या दारांचीं चित्रें पुष्कळांनीं पाहिलेलीं असतील. या बंद टपाच्या गाड्या १९५७ पर्यंत १४०० निघाल्या. आज त्यांतील एक हातोहात पुढें जाते, तेव्हां तिचें मोल सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेरचें असतें.

या गाडीच्या तीन लिटरच्या इंजिनांत पेट्रोल पिचकारीसारखें थेट सिलिंडरमध्यें सोडलें जाई. त्यामुळें शक्ति वाढली. परंतु पंप यांत्रिक असल्यामुळें किल्ली फिरवून ठिणगी बंद केली, तरी इंजिन पुरतें थांबेपर्यंत तो पेट्रोल ढकलीतच राही. हें न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुवून काढी आणि खालीं तेलांत मिसळे. शिवाय तेलाची सर्व योजना शर्यतीला साजेशी होती. निराळ्या टाकींत दहा ते पंधरा लिटर तेल असे आणि तें थंड ठेवण्यासाठीं मोठी जाळी असे. गाडी भरधांव सोडली म्हणजे तेल चांगलें तापे आणि त्यांतील पेट्रोल उडून जाई. परंतु मालक जपून, जवळच्या जवळच फिरणारा असला, तर तेल कोमटच राही आणि दिवसेंदिवस पातळ होत जाई. यासाठीं दर हजार मैलांनीं, म्हणजे सुमारें १६०० किलोमीटरांनीं, तेल बदलावें अशी शिफारस होती. कित्येक मालक तर त्या जाळीवरील वाराच अडवून ठेवीत.

येथें वेगवान गाडीचा एक विलक्षण न्याय दिसून येतो. जपून वापरलेली गाडी ती चांगली, असें आपण समजतों. परंतु शर्यतीच्या जातीची गाडी थोडी आणि हळू चालविली, तरी तिचें तेल बिघडतें. म्हणून ‘फार थोडी धांवलेली’ या विक्रेत्याच्या शब्दावर संतोष न मानतां, ‘तेल शेवटीं कोणत्या महिन्यांत बदललें?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

आतां ब्रेकांकडे वळूं. आरंभीं ब्रेक दांड्यांनीं किंवा तारांनीं ओढले जात. मॅल्कम लॉकहीड यांनीं द्रवाच्या दाबानें ब्रेक लावण्याची युक्ति काढून १९१७ सालीं पेटंट मिळविलें. १९२१ सालीं फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतींत अशा ब्रेकांची ड्यूसेनबर्ग ही अमेरिकन गाडी पहिली आली. तेव्हांच्या ब्रेकांत कोठें ग्लिसरीन आणि पाणी असे. पुढें एरंडेल आणि अल्कोहोल यांचें मिश्रण प्रचारांत आलें. येथेंही आपलें एरंडेल हजर! त्याचें कारण असें कीं खनिज तेलानें नैसर्गिक रबराच्या वाट्या फुगून निकामी होतात, एरंडेलानें होत नाहींत. परंतु त्या मिश्रणांतील अल्कोहोल थोड्याच उष्णतेनें उकळे.

गाड्यांचा वेग वाढला तशी ब्रेकांची उष्णताही वाढली. १९५३ सालीं ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतींत तबकडीचे ब्रेक लावलेली जॅग्वार विजयी झाली आणि पुढें अशा ब्रेकांचा प्रसार झाला. ही उष्णता सोसण्यासाठीं ग्लायकॉल जातीचे नवे द्रव आले. त्यांचा उत्कलनबिंदु उंच असतो, पण एक व्यंगही असतें. ते हवेंतील ओलावा शोषून घेतात. रबरी नळ्यांतूनसुद्धां तो हळूहळू आंत शिरतो. ‘डॉट ४’ या प्रतीचा ताजा द्रव निदान २३० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळूं नये, असा दंडक आहे. त्यांत सुमारें ३.७ टक्के पाणी मुरलें, म्हणजे हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येते. द्रव उकळला कीं नळींत वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि दाब चाकापर्यंत पोंचत नाहीं. पायाखालील पट्टी थेट फळीपर्यंत खालीं जाते.

घाट उतरतांना असें झालें तर काय होईल, याचें वर्णन करण्याची आवश्यकता नाहीं. कोंकणपट्टीच्या आणि मुंबईच्या दमट हवेंत राहणाऱ्यांनीं तर ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. येथें मैलांचा आंकडा मुळींच उपयोगी पडत नाहीं, कारण गाडी वर्षभर झांकून ठेवली तरी द्रव ओलावा पीतच असतो. म्हणूनच दर दोन वर्षांनीं तो बदलावा, असें अनेक कारखानदार सांगतात.

राहिलें पाणी. थंड देशांत रेडिएटरमधील पाणी गोठून इंजिन फुटे, म्हणून त्यांत अल्कोहोल घालीत, पण तें उडून जाई. १९२७ सालीं अमेरिकेंत ‘प्रेस्टोन’ या नांवानें इथिलीन ग्लायकॉल विक्रीस आलें आणि ही अडचण दूर झाली. आपल्याकडे पाणी गोठत नाहीं, तेव्हां हें द्रव्य कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु त्यानें पाण्याचा उत्कलनबिंदु वाढतो, आणि त्याच्या बरोबर घातलेलीं गंजरोधक द्रव्यें ॲल्युमिनियमच्या इंजिनाचें रक्षण करतात. हीं द्रव्यें कालांतरानें खर्च होतात आणि मग पाणी रंगीत असूनही आंतून धातु खाऊं लागतें. केवळ नळाचें पाणी घालून वेगवान गाडी चालविणें म्हणजे तिला संथपणें पोखरणें होय. मात्र हा द्रव चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतो. काढलेला द्रव मुलें आणि जनावरें यांच्यापासून दूर ठेवावा. तो किंवा जुनें तेल गटारांत कधींही ओतूं नये.

एकंदरींत या इतिहासाचें सार काय? आरंभीं मोटारीचे द्रव डोळ्यांदेखत खर्च होत आणि आपोआप नवे होत. पुढें ते बंद नळ्यांत गेले, अधिक गुणी झाले आणि दिसेनासे झाले. त्यांचें म्हातारपण आतां ना रंगावरून कळतें, ना नुसत्या मैलांवरून. डोळ्यांचें तें काम आतां वहीनें केलें पाहिजे. जिच्याबरोबर अशी वही येत नाहीं, त्या गाडीचा पूर्वेतिहास अज्ञात समजावा आणि विकत घेतल्याबरोबर तीनही द्रव, तेलाची गाळणी आणि दंतचक्रांच्या पेटींतील तेल कारखानदाराच्या पुस्तकांत दिलेल्या प्रतीप्रमाणेंच बदलावें. एका जातीचा द्रव दुसऱ्या जातींत मिसळूं नये. त्या दिवसाची तारीख वहीच्या पहिल्या ओळींत लिहावी आणि शाळेच्या हजेरीपटाप्रमाणें पुढील नोंदी न चुकतां करीत जाव्या.

हा खर्च गाडीच्या किंमतीपुढें अल्प असतो, आणि तो पहिल्या मालकानें केला असेल या आशेवर पुष्कळ लोक घाटाला लागतात. आपण ती आशा न धरतां वही मागून घ्यावी.