तळटीप ७ : केळ्यांभोवतीची चिलटे

७. आगाशीकडच्या सुकेळ्यांच्या वर्णनात लेखकाने पिकल्या राजेळी केळ्यांभोवतीच्या चिलटांचा ओझरता उल्लेख केला आहे. ही चिलटे ड्रोसोफिला कुळातली. आंब्यात अंडी घालणारी फळमाशी निराळी. अतिपिकलेल्या फळातली साखर आंबून तिचा मद्यार्क होतो. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या जातीच्या अळ्या त्यातही तग धरतात, कारण अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर मद्यार्काचे विघटन करते. त्या विकराचे एडीएच हे जनुक दुसऱ्या गुणसूत्राच्या डाव्या भुजेवर आहे. १९८०च्या सुमारास त्याची मांडणी उलगडली, तेव्हा प्रथिनाचा संकेत सलग नसल्याचे दिसले : त्याचे तीन तुकडे असून मधल्या दोन छोट्या इंट्रॉनांतून प्रथिन घडत नाही. जनुकवाचनाच्या आरंभाच्या जागाही दोन. एक मुख्यतः अळीसाठी, दुसरी प्रौढ माशीसाठी. १९८३ साली मार्टिन क्राइटमन यांनी या जनुकाच्या ११ प्रती अक्षरशः ताडून पाहिल्या. ४३ जागी फरक निघाले, पण प्रथिन बदलणारा फरक एकच : थ्रिओनिनऐवजी लायसिन. प्रथिन बिघडवणारे बदल निसर्ग किती कसोशीने गाळतो, याचा हा ठसठशीत पुरावा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी याच माशीच्या चवीचा व गंधज्ञानाचा जनुकीय अभ्यास उभा केला. फळाच्या वासावर ती कशी येते, हे समजून घ्यायचे तर वाचकाने त्या कामाकडे अवश्य वळावे. — संपा.