डबलसीट आणि 'तिसरा पक्ष'

गेल्या दसऱ्याला पुतण्याची नवी मोटारसायकल घ्यायला मी त्याच्यासोबत गोंदियाला गेलो होतो. धानाचे चुकारे अजून यायचे होते, तरी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. किमतीच्या कागदावर विम्याची रक्कम आधीच छापलेली होती. "यात डबलसीट बसणारा येतो का?" असे मी विचारले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकाजी, फुल आहे न!" त्या 'फुल'वर माझा विश्वास बसेना. त्याचे कारण आमच्या घरच्या लोखंडी पेटीत आहे.

पेटीत वडिलांच्या राजदूतच्या विम्याचा कागद आहे. बाबा अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिक्षक होते. १९८१ च्या उन्हाळ्यात नवेगावबांधहून परतताना खडीवर गाडी घसरली आणि मागे बसलेल्या आईचा पाय मोडला. समोरून कुणी आले नव्हते, कुणाला धडक बसली नव्हती. आईला तीन महिने नागपुरात ठेवावे लागले. बाबांनी विम्याचा एकही हप्ता चुकवला नव्हता, म्हणून ते कागद घेऊन कचेरीत गेले. "हा विमा रस्त्यावरच्या माणसासाठी आहे, तुमच्या माणसासाठी नाही," असे त्यांना सांगण्यात आले. त्या वर्षी आमची तळ्याखालची बांधी विकली गेली. कागदावर 'ॲक्ट ओन्ली' हे दोन शब्द आहेत. त्यांचा अर्थ बाबांना अखेरपर्यंत कुणी समजावून सांगितला नाही. तो शोधताना मला जे सापडले, ते येथे मांडतो.

मोटारीचा विमा सक्तीचा करणारा कायदा ब्रिटनमध्ये १९३० साली झाला. मोटार धनिकाची आणि चिरडला जाणारा पादचारी, हे चित्र त्यामागे होते. मालक दिवाळखोर निघाला तरी पादचाऱ्याला भरपाई मिळावी, हा त्याचा हेतू. विमा कंपनी आणि मालक हे करारातले दोन पक्ष, आणि रस्त्यावरचा माणूस 'तिसरा पक्ष'. तीच कल्पना आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आली. कायदा १९३९ चा असला तरी त्यातले विम्याचे आठवे प्रकरण लागू झाले १ जुलै १९४६ पासून.

या प्रकरणातले ९५ वे कलम आमच्या घरावर आले. भाडे देऊन बसलेल्या किंवा नोकरीच्या करारामुळे वाहनात असलेल्या प्रवाशाचा विमा त्याने सक्तीचा केला, इतर प्रवाशांना वगळले. म्हणजे एसटीतला प्रवासी कायद्याला दिसत होता. नवऱ्याच्या मागे बसलेली बायको दिसत नव्हती. ब्रिटनने १९७१ मध्ये कायदा करून प्रवाशाचा विमाही सक्तीचा केला. आपण १९३० चीच चौकट पुढे चालवत राहिलो.

विदर्भातलाच एक खटला याची साक्ष देतो. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एका जिनिंग कंपनीची मोटार झाडावर आदळली आणि आत बसलेला एक पाहुणा प्रवासी दगावला. निकाल सर्वोच्च न्यायालयात १९७७ मध्ये लागला. कायद्याने अशा प्रवाशाचा विमा सक्तीचा नाही, असे न्यायालयाने सांगितले. पॉलिसीत प्रवाशांसाठी स्वतंत्र तरतूद होती, तेवढ्यापुरतीच विमा कंपनी बांधली गेली. बाकी भार मालकावर. पॉलिसीत काय लिहिले आहे यावर सारे अवलंबून, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

पण वाचायचे कुणी? १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि शंभरावर कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या होत्या. दर ठरलेले, मजकूर ठरलेला. त्या काळात गाडी मिळणे हीच मोठी गोष्ट. स्कूटरसाठी तर वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. विम्याचा कागद पोलिसाला दाखवण्यापुरता उरला. आजही आमच्याकडे विमा 'काढतात' तो चालानच्या भीतीने.

१९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून आला, भरपाईची मर्यादा उठली, पण मागच्या सीटचा प्रश्न लोंबकळत राहिला. स्कूटरवर मागे बसलेला माणूस मेला, अशा एका खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: केवळ कायद्यापुरती पॉलिसी असेल, तर फुकट बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना स्पष्ट कळवले, की 'पॅकेज' पॉलिसीत मागे बसणारा येतो. २०१२ मध्ये न्यायालयानेही हाच भेद मान्य केला. 'ॲक्ट ओन्ली' आणि 'पॅकेज' या शब्दांमधले अंतर आमच्या घराला एका बांधीएवढे पडले होते.

आता पुतण्याच्या कागदाकडे येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. २०२२ च्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या नव्या गाडीला त्याचे ३,८५१ रुपये पडतात. चालवणाऱ्या मालकाचा अपघात विमा दुचाकीसाठी पूर्वी एक लाखाचा होता, तो २०१८ मध्ये पंधरा लाखांचा झाला. मात्र गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा शोरूममधून सहसा एकाच वर्षाचा मिळतो. दुसऱ्या वर्षी तो कुणी भरत नाही, कारण चार वर्षांचा कागद खिशात असतो आणि पोलीस तेवढाच मागतो. उरलेली पॉलिसी केवळ जबाबदारीपुरती असेल, तर २००६ चा प्रश्न पुन्हा दारात.

नवेगाव-नागझिराच्या जंगलातून जाणाऱ्या आमच्या रस्त्यांवर रात्री रानडुक्कर आडवे येते. अशा पडण्यात तिसरा पक्ष नसतोच. चालवणारा असतो आणि मागे आई, बायको किंवा पोर असते. मागे बसणाऱ्याचा वैयक्तिक अपघात विमा थोडे जादा पैसे भरून पॉलिसीत जोडता येतो. चूक कुणाची, हा वाद त्यात येत नाही.

आम्ही तो जोडून मागितला. काउंटरवरच्या मुलाला तो संगणकात शोधावा लागला. बहुधा त्या दिवसात पहिल्यांदाच कुणी मागितला असावा. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले. घरी आल्यावर पुतण्याने आजीला बोलावले. ती काठी टेकत आली, गाडीला हळदकुंकू लावले आणि मागच्या सीटवरही एक बोट टेकवले.