रीगाच्या बाजारातली मिल्डा

साल 1932. तुम्ही लाटव्हियाच्या राजधानीत, रीगाच्या मध्यवर्ती बाजारात उभे आहात. झेपेलिन हवाईजहाजांच्या जुन्या हँगरांच्या कमानी वापरून दोनच वर्षांपूर्वी उभा राहिलेला हा बाजार माशांच्या वासाने भरून गेलाय. तुम्ही मोठी नोट दिलीत. कोळीण सुटे पैसे मोजते आणि एक बंदं नाणं तुमच्या तळहातावर ठेवते. पाच लाट्स.

हात किंचित खाली जातो. 25 ग्रॅम वजन, त्यात 20 ग्रॅमहून जास्त शुद्ध चांदी! ब्रिटनने 1920 मध्ये आपल्या नाण्यांतली चांदी 925 वरून 500 कसावर आणली. पण लंडनच्या टांकसाळीतच पाडलेलं हे परक्या देशाचं नाणं 835 कसाचं आहे. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या छोट्या देशाने आपल्या पैशात चांदीची काटकसर केली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नाणं उजेडात धरा. लोकवेशातली तरुणी, बाजूने दिसणारा चेहरा, खांद्याशी धान्याची कणसं. चित्रकार रिहार्ड्स झारिन्श यांच्यापुढे बसली होती सरकारी छापखान्यातली मुद्रितशोधक झेल्मा ब्राउएरे. लोक मात्र या मुलीला मिल्डा म्हणतात. कडेवर बोट फिरवा: देशासाठी देवाकडे मागितलेला आशीर्वाद तिथे कोरलाय.

आता 25 मार्च 1941. सोव्हिएत फौजा येऊन नऊ महिने झालेत आणि आज कसलीही पूर्वसूचना न देता लाट्स रद्द झालाय. तुम्ही एका स्वयंपाकघरात आहात. घरातली आजी मिल्डाचं नाणं चिंधीत गुंडाळून लपवते आहे. पुढे सोव्हिएत काळात अशा कित्येक नाण्यांना मागून टाचणी जोडली गेली आणि बायकांनी ती ब्रोच म्हणून मिरवली. चलनातून गेलेला देश त्यांनी छातीवर लावला.

2014 पासून लाटव्हियाच्या एक आणि दोन युरोच्या नाण्यांवर हाच चेहरा आहे. संग्राहक कोरी करकरीत मिल्डा शोधतात. पाठीवर डाख दिलेली दिसली की किंमत पाडतात. मला हा हिशेब पटत नाही. तशी मिल्डा मिळाली तर वजन करा, कडेची अक्षरं वाचा आणि खुशाल घ्या. तेवढा डाख मात्र घासून काढू नका.